खालून तिसरं बटण

लिफ्टमिस्त्रीच्या चुका दोन जातीच्या असतात. एक लिफ्ट बंद पाडणाऱ्या आणि दुसऱ्या न पाडणाऱ्या. पहिल्या त्याच दिवशी निस्तराव्या लागतात, दुसऱ्या माणसाबरोबर म्हाताऱ्या होतात. आपल्या मिस्त्रीची दुसऱ्या जातीची एक चूक सव्वीस वर्षांची झाली होती, आणि एका सातमजली इमारतीच्या लिफ्टमध्ये चार स्क्रूंनी घट्ट बसलेली होती.

झालं होतं असं. मिस्त्री तेव्हा बावीस वर्षांचा, उस्तादांच्या हाताखाली नुकताच लागलेला. इमारत नवी, लिफ्टही नवी. उस्ताद वर मशीनच्या खोलीत आणि हा खाली लिफ्टच्या डब्यात बटणांची पाटी बसवत होता. पितळी पाटी, तिच्यावर एकाखाली एक आठ बटणं, तळमजल्याचं एक आणि वरच्या सात मजल्यांची सात. पाटीला वर जशी भोकं तशीच खालीही. त्याने वायरी मापात कापल्या, जोडल्या, पाटी आवळली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर तळमजला सगळ्यात वर आणि सातवा मजला सगळ्यात खाली. पाटी उलटी बसली होती. आकडेसुद्धा डोकं खाली, पाय वर करून उभे.

उस्ताद खाली आले, त्यांनी पाटी बघितली, मग मिस्त्रीचं तोंड बघितलं. पाटी काढायची तर वायरी पुन्हा ओढाव्या लागणार, सगळा दिवस जाणार. बटणांच्या टोप्या काढून फिरवता येत होत्या. उस्तादांनी एकेक टोपी उपटली, आकडा सुलट केला आणि परत बसवली. "पाचचं बटण दाबलं की पाचवर जाते ना?" ते म्हणाले. "मग झालं. लोक चार दिवस कुरकुरतील, पाचव्या दिवशी म्हणतील हीच रीत."

लोक चार दिवसही कुरकुरले नाहीत. सातवा मजला खाली आणि तळमजला वर, हे त्या इमारतीने विनातक्रार मान्य केलं. त्या घरांत जन्मलेल्या पोरांना तर इतर इमारतींच्या लिफ्टच चुकीच्या वाटत असणार. पण मिस्त्री दर महिन्याला देखभालीला यायचा आणि ती पाटी त्याच्याकडे बघायची. उस्ताद गेले, मिस्त्रीचे केस पांढरे झाले, त्याच्या हाताखालून सात-आठ जण शिकून गेले. तरी त्या डब्यात तो शक्यतो पाटीकडे पाठ करूनच काम उरकायचा.

यंदा इमारतीने लिफ्ट नवी करायची ठरवली तेव्हा मिस्त्रीला मनातून जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. कारखान्याच्या कागदावर एक रकाना होता: बटणांचा क्रम, जुन्याप्रमाणे की नेहमीप्रमाणे? मिस्त्रीने 'नेहमीप्रमाणे' इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावरही ते उमटलं. नवी पाटी आली, चकचकीत स्टीलची, दाबलं की उजळणारी बटणं. तळमजला खाली, सातवा वर, जगात सगळीकडे असतो तसा. मिस्त्रीने ती बसवली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवला. बायकोने विचारलं, "आज काय विशेष?" तो म्हणाला, "काही नाही, एक जुनं काम संपलं."

काम संपलं नव्हतं. महिन्याभराने पहिल्या तपासणीला तो आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. इमारतीचं रंगकाम अजून चालूच होतं, जिन्यात चुन्याचा आणि रंगाचा वास. दारावरचा पहारेकरी स्टुलावर बसून नखं कापत होता.

"काय म्हणते लिफ्ट?" मिस्त्रीने विचारलं.

"लिफ्ट मजेत आहे," पहारेकरी म्हणाला. "पहिले दोन दिवस लोकांनी तुमच्या नावाने बोटं मोडली. जो तो भलत्याच मजल्यावर. डॉक्टरीणबाई तर चपला काढून दुसऱ्याच्या घरात शिरल्या. हसून हसून पुरेवाट. मग झाली सवय. पण मिस्त्री, एक वाईट झालं. पाचव्या मजल्यावरचे टायपिस्टकाका गेले."

मिस्त्रीच्या हातातली हत्यारांची पिशवी खाली आली. "गेले? कधी?"

"अहो तसे नाही! डोक्याने गेले." पहारेकऱ्याने नखं झटकली. "दुसऱ्या मजल्यावर त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांच्या दाराला जाऊन आपली किल्ली लावतात. पाच वेळा झालं. एकदा तर बाईंनी आतून दार उघडलं तर यांनाच राग, म्हणे माझ्या घरात तुम्ही काय करताय? मग भानावर आले आणि तिथेच भिंतीला टेकले. बाई बिचाऱ्या चांगल्या, पाणी दिलं, वर सोडून आल्या. पण किती दिवस चालायचं असं? लेक आलीय न्यायला. घरमालकाला कळवलं, रविवारी घर रिकामं. काकांना ती आपल्याकडे नेतेय. एवढा टापटिपीचा माणूस, पण वय कुणाला चुकलंय?"

मिस्त्रीला खरंच वाईट वाटलं. टायपिस्टकाका म्हणजे इमारतीतला एकच असा माणूस, जो लिफ्ट दुरुस्त झाल्यावर मिस्त्रीला "झालं का? छान" असं म्हणायचा. बाकीचे म्हणायचे, "एवढा वेळ?" तो हळहळत लिफ्टमध्ये शिरला, दाराच्या फटी पाहिल्या, दिवा पाहिला, घंटा वाजवून पाहिली. मग एकेक बटण दाबून तपासायला लागला. तळमजला, एक, दोन. दोनच्या बटणावर त्याचं बोट थांबलं.

पाच वेळा, आणि पाचही वेळा दुसराच मजला?

डोकं भरकटलेला माणूस कुठेही भरकटेल. आज तिसरा, उद्या सहावा, परवा शेजारच्या इमारतीत. हा माणूस पाच वेळा चुकला आणि पाचही वेळा एकाच दाराशी गेला. मिस्त्रीने बोटाने खालून मोजलं. तळमजला, एक, दोन. खालून तिसरं. मग डोळे मिटले आणि ती जुनी पितळी पाटी समोर आणली, जी विसरायचा त्याने सव्वीस वर्षं प्रयत्न केला होता. खालून सात, सहा, पाच. खालून तिसरं.

त्याच्या कपाळाला घाम आला. लिफ्टमधला नवा पंखा सुरू होता तरी आला.

आता खरं सांगायचं तर मिस्त्रीच्या मनात पहिला विचार जो आला तो काही फार थोर नव्हता. त्याला वाटलं, मूग गिळून गप्प बसावं. पाटी आता बरोबर आहे. कागदावर बरोबर आहे, कारखान्याच्या हिशेबाने बरोबर आहे, जगाच्या रीतीने बरोबर आहे. जुनी उलटी कुणी बसवली हे कुणी विचारलेलं नाही. शिवाय पहिल्या दोन दिवसांत सगळी इमारतच चुकली होती की! पण सगळी इमारत चुकली तेव्हा लोक हसले आणि एक म्हातारा चुकला तेव्हा लेकीला बोलावलं. तरुणाने केली तर ती चूक, म्हाताऱ्याने केली की तेच लक्षण. हे मनात आलं आणि मिस्त्रीला स्वतःचाच इतका राग आला की त्याने पाचचं बटण अंगठ्याने दाबलं.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं तर समोरच्या भिंतीवर पांढरा कोरा रंग. मजल्यांचे आकडे रंगाऱ्यांनी झाकून टाकले होते, नवे काढायचे बाकी होते. दारं सगळ्या मजल्यांवर तीच, त्याच तपकिरी रंगाची. आकडा नाही, खूण नाही. दुसरा काय आणि पाचवा काय, उभं राहिलं की सारखंच.

दार लेकीने उघडलं. पंचेचाळिशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, हातात चिकटपट्टीचं रीळ. मागे खोलीभर खोकी. पुस्तकं, भांडी आणि एका खोक्यावर लिहिलेलं 'हिवाळ्याचे कपडे'. खिडकीपाशी खुर्चीत टायपिस्टकाका बसले होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली, हात मांडीवर. कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखे ते आपल्याच घरात बसले होते.

"लिफ्टचं काही आहे का?" लेकीने विचारलं. "आम्ही रविवारी जातोय."

"लिफ्टचंच आहे, ताई. एक विचारायचं होतं." मिस्त्रीने पायातले बूट काढले आणि मग पुढे काय करावं हे न सुचून तिथेच उभा राहिला. "काका कधी खाली जायला निघाले आणि खाली जायच्या ऐवजी सातव्या मजल्यावर पोचले, असं झालंय का?"

"नाही हो," लेक म्हणाली. "दुसऱ्याच मजल्यावर जातात ते. खाली नीट जातात."

"दोनदा," खुर्चीतून आवाज आला.

लेक वळली. "काय बाबा?"

"दोनदा झालंय." काका मांडीवरच्या हातांकडे बघत होते. "सातव्यावर. दार उघडलं तर पुढे गच्चीचा जिना. मी पायरीवर बसलो थोडा वेळ. मग चालत उतरलो. तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही." त्यांनी मान वर करून मिस्त्रीकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

मिस्त्रीने खिशातून तपासणीचा कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या काढल्या आणि आठ-आठ गोल. एका पट्टीत आकडे वरून खाली घातले, दुसरीत खालून वर. कागद काकांच्या मांडीवर ठेवला आणि तो खुर्चीपाशी जमिनीवरच बसला, कारण उभ्याने हे बोलवणार नव्हतं.

"ही जुनी पाटी, ही नवी. काका, तुम्ही लिफ्टमध्ये शिरल्यावर आकडा बघता का?"

"नाही," काका म्हणाले. लगेच म्हणाले, एखाद्याला सिगारेट ओढता का विचारल्यावर त्याने म्हणावं तसं. "टायपिस्ट कळांकडे बघत नसतो. आमचे मास्तर कळांवर फडकं टाकायचे आणि मान खाली गेली की मानेवर पट्टी. चौतीस वर्षं मी बोटांकडे पाहिलेलं नाही. नजर कागदावर. लिफ्टमध्ये नजर दारावर."

"मग बोट कुठे जातं?"

काकांनी उजवा हात उचलला. समोर हवेत, छातीच्या जरा खाली, त्यांची तर्जनी एका जागी जाऊन टेकली. न शोधता, न चाचपता. मिस्त्रीने कागद तिच्यापुढे उभा धरला. बोट जुन्या पट्टीवर होतं तिथे पाच. कागद बोटभर सरकवला. नव्या पट्टीवर त्याच उंचीला दोन.

"आणि खाली जाताना सगळ्यात वरचं," मिस्त्री म्हणाला. "पूर्वी ते तळमजल्याचं होतं. आता सातव्याचं आहे. काका, तुमचं डोकं बिघडलेलं नाही. पाटी बदललीय. आणि जुनी पाटी होती तीच मुळात उलटी होती. सव्वीस वर्षांपूर्वी मी बसवली, माझ्या हाताने. महिन्यापूर्वी मीच सुलट केली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी उलटी कुणी बसवली तेही सांगावं लागलं असतं."

खाली रंगाऱ्याची शिडी फरशीवर घासत गेली.

"पण मी आकडा बघून दाबला की बरोबर येतो," काका सावकाश म्हणाले. "पहिल्यांदा चुकलो तेव्हापासून आठवणीने बघायला लागलो. बघितलं की बरोबर. जरा दुसरं काही मनात आलं की चूक. मला वाटलं, झालं, सुरू झालं. लक्ष ठेवलं तरच डोकं चालतंय. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी दार चुकला, मग आम्हाला चुकला."

"तसं नाही, काका. लक्ष असलं की डोळे दाबतात, लक्ष नसलं की बोट दाबतं. बोट अजून जुन्याच पाटीवर आहे."

"बोट," काका म्हणाले आणि त्यांनी ते बोट उलटसुलट करून पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मिस्त्रीला वाटलं माणूस आता रडणार, पण काका रागावले होते.

"तीन आठवडे!" ते म्हणाले. "गाढवा, तीन आठवडे मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव म्हणून बघतोय! मग हिचं, मग नातवंडांची, मग ऑफिसातल्या सगळ्या साहेबांची एकामागून एक. बायकोचं नाव शेवटी ठेवायचो. ते आठवलं नाही तर काय करायचं, या भीतीने शेवटी ठेवायचो. आणि तू रुमालाने पाटी पुसत होतास!"

"चुकलं," मिस्त्री म्हणाला. रुमालाचं यांना कसं कळलं, हे विचारायची ती वेळ नव्हती. "हवी तर पाटी पुन्हा उलटी करून देतो, काका. उद्याच. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन."

"काही नको," काका गुरकावले. "आयुष्यात दोन वेळा मशीन बदललं मी. दोन्ही वेळा आठवड्यात हात बसवला. पण सांगितलं होतं मला, की मशीन बदललंय म्हणून!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे मी ठीक आहे?"

"तुम्ही ठीक आहात."

"पुन्हा सांग."

"तुम्ही ठीक आहात, काका. चूक माझी आहे."

आता काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, येऊ दिलं. लेक अजून दारापाशीच उभी होती. चिकटपट्टीचं एक टोक तिच्या बोटाला चिकटलं होतं आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं. ती पुढे आली, वाकली आणि अगदी मऊ, संथ आवाजात म्हणाली, "बाबा, पाणी आणू का? पिता का थोडं? हळूहळू प्यायचं हं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "हे बंद कर आधी."

"काय?"

"हे. 'हळूहळू प्यायचं हं.' मी तीन आठवडे चुकतोय आणि तू दहा दिवस झाले माझं सगळं ऐकतेयस. मी म्हटलं भाजी खारट आहे, तू म्हणालीस हो बाबा. मी म्हटलं खारट नाही, तू म्हणालीस हो बाबा. मी मुद्दाम म्हणालो की आज बुधवार आहे. गुरुवार होता, मला पक्कं माहीत होतं. तर तू म्हणालीस हो बाबा, बुधवार." त्यांनी तेच बोट तिच्याकडे रोखलं. "चौदा वर्षांची झाल्यापासून तू माझा एकही शब्द वाद घातल्याशिवाय सोडला नाहीस. सातव्या मजल्याच्या त्या पायरीवर मला भीती वाटली नाही एवढी, जेवढी तू भांडायची थांबलीस तेव्हा वाटली. मला वाटलं, हिने मला सोडून दिलं. आता फक्त सांभाळतेय."

लेकीने बोटाची पट्टी ओढून काढायला बघितली, ती दुसऱ्या बोटाला चिकटली. तिथून मनगटाला.

"मला काय वाटत होतं ते विचारलंत का?" ती म्हणाली. आवाज अजून बारीक होता. "तिकडे रोज फोनची भीती वाटायची. नोकरीत रजा टाकून आले. आल्या दिवसापासून तुमची एकेक वस्तू खोक्यात भरताना मी मोरीत जाऊन रडत होते, तुम्हाला दिसू नये म्हणून नळ सोडून." आवाज चढत चालला. "आणि तुम्ही सातव्या मजल्यावर दोनदा गेलात आणि मला सांगितलं नाहीत! सांगितलं असतंत तर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता ना? पण नाही! टायपिस्ट सांगत नसतो, टायपिस्ट बघत नसतो! समोर ढळढळीत आकडा उजळतो, त्याच्याकडे एकदा मान वळवली तर काय मास्तर येणार आहेत का पट्टी घेऊन?"

"मास्तर वारले," काका म्हणाले.

"मग बघा की आता! सोळा वर्षं झाली नोकरी सुटून!"

"सतरा."

"सोळा!"

मिस्त्री उठला आणि बूट शोधायला लागला. लेकीने ते बघितलं आणि रीळ त्याच्या हातात कोंबलं, जणू तो घरचाच होता. "आणि ही खोकी," ती बापाकडे वळून कडाडली, "मी एकटीने बांधलीत, दहा दिवस खपून. आता तुम्ही सोडायची. सगळी! मी घरमालकाला फोन करते, की आमचं बिऱ्हाड कुठे जात नाही. पण हिवाळ्याचे कपडे भरताना दोन वर्षांपूर्वी दिलेला स्वेटर सापडलाय मला, घडीसुद्धा मोडलेली नाही. तो का नाही घातलात?"

"टोचतो."

"टोचत नाही! मी गालाला लावून बघून घेतला होता!"

"तुला काय माहीत? अंगात मी घालतो की तू?" काका म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. बसून भांडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.